खारट प्याला

एका रविवारी मी आमच्या चर्चच्या अख्ख्या मंडळीला प्रभुभोजनात कोकमाचा आगळ पाजला. आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला कोकमाचा दाट अर्क. सोलकढीत चमचा-दोन चमचे घातला तरी पुरतो. तो मी पाणीसुद्धा न घालता छोट्या छोट्या प्याल्यांत भरला, तबक दोन्ही हातांनी धरलं आणि चेहऱ्यावर भक्तिभाव आणून बाकांमधून फिरलो.

झालं असं की प्रभुभोजनाचा रस, म्हणजे येशूने आपल्यासाठी सांडलेल्या रक्ताची आठवण म्हणून सगळे घोटभर घेतात तो, आमच्याच घरून जातो. आई होती तोवर ती करायची. काळ्या मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी उकळायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. आई गेल्यावर ते काम बायकोने घेतलं. त्या आठवड्यात ती भाचीच्या लग्नाला माहेरी गेली होती. जाण्याआधी रस करून फ्रिजमध्ये ठेवला आणि मला फोनवर बजावलं, "डावीकडची बाटली न्या. उजवीकडे आगळ आहे." मी हो हो म्हटलं. पण ते ऐकताना मी फ्रिजला पाठ टेकून उभा होतो, त्यामुळे माझं डावं ते फ्रिजचं उजवं झालं. रंग दोन्हींचा सारखाच, आणि वास घेऊन बघायची मला गरज वाटली नाही. मंडळीचा मी जबाबदार माणूस, मला काय कळत नाही?

आमच्याकडे प्याला सगळे एकदम घेतात. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, "घ्या" म्हणाले, आणि पुढच्या क्षणी सगळ्या चर्चची तोंडं वाकडी झाली. कुणाला ठसका लागला, कुणी डोळे गच्च मिटले. पाळकसाहेबांनी मात्र घोट निमूट गिळला आणि पुढचं गीत स्वतःच सुरू केलं, जरा वरच्या पट्टीत. उपासना संपल्यावर मार्था मावशी, आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई, काठी टेकत माझ्यापाशी आल्या. "प्रभूला क्रूसावर आंबट आंब पाजली होती, तशी आज तू आम्हाला पाजलीस रं बाबा," म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो.

पाळकसाहेब हसले नाहीत. सगळे गेल्यावर मी प्याले विसळत होतो, तिथे ते येऊन उभे राहिले. म्हणाले, "मी तुझ्याकडे बघत होतो. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, तुझं एकट्याचं नाही झालं."

मी नळ बंद केला.

"तू घेतला नाहीस."

"नाही."

"कधीपासून?"

"आई गेल्यापासून."

वर्ष होत आलं होतं त्याला. तबक फिरवणाऱ्याकडे कुणी बघत नाही, ही सोय मला पहिल्याच वेळी कळली होती. सगळे माना खाली घालून असतात. माझा प्याला मी भरलेलाच परत न्यायचो आणि मोरीत ओतायचो. कोकमाने मला उघडं पाडलं नसतं तर मरेपर्यंत मी तसाच तबक फिरवत राहिलो असतो. पाळकसाहेब म्हणाले, "अरे, तू तर वाढपी झालास. पंगत जेवते आणि तू उपाशी." मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "सांग."

मी सांगितलं, पण अर्धंच. पूर्ण आज लिहितो आहे.

माझा धाकटा भाऊ दानियल, घरात दान्या, माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. पूर्वी प्यायचा, मग सोडली. सोडली असं तो म्हणायचा आणि आई मानायची. मी लक्ष ठेवून असायचो. आई आमच्याकडे दहिवलीत असायची. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा दान्या रजा काढून खाली आला, कारण मला वेळ नव्हता. खोपोलीला एक सभा होती आणि तीत मला साक्ष द्यायची होती. साक्षीचा विषय लिहायलाही लाज वाटते. आजारी आईची सेवा करताना देवाने मला काय काय शिकवलं, हा विषय होता.

मी व्यासपीठावर बोलत असताना शर्टाच्या खिशातला फोन थरथरला. थांबला. परत थरथरला. असा पुन्हा पुन्हा माझ्याच नंबरवर लागणारा जीव जगात एकच होता. मला ठाऊक होतं ती आईच आहे. वाटलं, बिस्किटं आण म्हणत असेल, संपल्यावर करू. आणि सेवेबद्दल बोलत राहिलो. नंतर चहा झाला, लोकांनी हात मिळवले, फोटो निघाले. मग मी आईला फोन लावला तेव्हा शेजारच्या वहिनींनी उचलला. "या तुमी लगेच," एवढंच म्हणाल्या.

घरी पोचलो तर आई गेलेली, दान्या तिच्या उशाशी बसलेला. वहिनींनी सांगितलं, "दान्या मला म्हणाला, म्हातारीपाशी बस जरा, आत्ता येतो. आणि तो गेल्यावर त्या गेल्या हो." बायको शाळेत परीक्षेच्या कामावर होती, तिचा फोन बाहेर जमा केलेला. म्हणजे आईजवळ शेवटी घरचं कुणीच नव्हतं. मी दान्याला विचारलं, "कुठे गेला होतास?" तो बोलला नाही. मला जे समजायचं होतं ते मी समजलो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. कुणीतरी गुन्हेगार सापडला होता आणि तो मी नव्हतो. कोपऱ्यात जाऊन मी फोनमधले आईचे कॉल पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी दफनाच्या वेळी, आमच्यात असतं तसं, एकेकाने पुढे होऊन मूठभर माती घालायची होती. मी घातली. दान्या वाकला, माती उचलली, आणि मी त्याचं मनगट धरलं. "तुझ्या हातची माती आईला नको," म्हटलं. हळूच म्हटलं. मी सभ्य माणूस आहे. जवळच्या चार जणांनाच ऐकू गेलं असेल. दान्याने माझ्याकडे पाहिलं आणि मूठ उघडली. ती माती माझ्या पॉलिश केलेल्या बुटांवर पडली. त्याच दिवशी तो माथेरानला परत गेला आणि पुन्हा खाली आला नाही.

पाळकसाहेबांना मी मातीपर्यंत सांगितलं. फोनचं गिळलं. त्यांनी विसळलेला एक प्याला उचलून पालथा ठेवला. मग म्हणाले, "भावाकडे जा, समेट कर, मग वेदीपाशी ये. पण गेलास म्हणजे प्याल्यावर तुझा हक्क झाला असं समजू नकोस. तो कुणाच्याच हक्काचा नाही. म्हणून तर तो प्याला आहे."

ते मला तेव्हा कळलं नाही. मी हक्क आणि हिशेब समजणारा माणूस. खोपोलीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माल आला आणि माल गेला हे जुळलं की रात्री झोप लागते. पापाचंही मी तसंच चालवलं होतं. आई गेल्यापासून चर्च झाडायला मी पहिला, सतरंज्या घालायला मी, आजाऱ्यांना भेटायला मी. वाटायचं, एवढं केल्यावर कधीतरी आतून 'पुरे' असं ऐकू येईल. आलं नाही. उलट जितकं करावं तितकं आत कोरडं पडत गेलं. प्रभूची प्रार्थना म्हणताना क्षमेची ओळ आली की माझा आवाज बंद व्हायचा, नुसते ओठ हलायचे. देव माझ्याशी बोलत नाही याचं दुःख होतंच; त्याहून मोठी भीती ही होती की तो बोलेल. बायबलात भावाला मारणाऱ्या पहिल्या भावाला त्याने विचारलं होतं तसं मलाही विचारेल, तुझा भाऊ कुठे आहे? मला तर पत्ताही तोंडपाठ होता.

बायको माहेराहून आली. आगळाची कहाणी तिला स्टेशनवरच कुणीतरी सांगितली होती. ती पोट धरून हसली, आणि मग माझ्याकडे बघून थांबली. मी घेत नाही हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं म्हणे. विचारलं नाही, कारण मी सांगेन असं तिला वाटत होतं. वर्षभर ती वाट बघत होती. म्हणाली, "माथेरानला जाऊन या."

एका शनिवारी निघालो. नेरळला उतरलो, वर जाणाऱ्या टॅक्सीत बसलो. ड्रायव्हर "एक सीट, एक सीट" ओरडत होता. ती शेवटची सीट भरली आणि गाडी सुरू झाली, तसा मी दार उघडून खाली उतरलो. "पोट बिघडलंय," म्हटलं. गाडीतल्या एका आजींनी ओव्याची पूड देऊ केली. टॅक्सी गेली. मी तिथेच कठड्यावर बसून राहिलो. दान्यासमोर उभं राहून काय बोलायचं हे मला सुचत नव्हतं असं नाही. माफ कर म्हणायला किती वेळ लागतो? पण तो विचारणार, कशाबद्दल? आणि मग फोनचं सांगावं लागणार. ते सांगितलं की मी उरत नव्हतो. मंडळीतला, घरातला, मला स्वतःला माहीत असलेला मी, त्यातलं काही शिल्लक राहत नव्हतं. त्या कठड्यावर मी मनातल्या मनात देवाला स्पष्ट सांगितलं, हे माझ्याने होणार नाही. मला सोडून दे. माझ्यासारखा एक बुडाला तर तुझं काय अडतं? वर्षभरातली माझी ती पहिली खरी प्रार्थना, आणि तिच्यात मागणं हे होतं.

मग मी चिक्की घेतली. माथेरानला जाऊन आल्याचा पुरावा म्हणून. भाऊ भेटला नाही असं घरी सांगायचं ठरवलं. म्हणजे एक खोटं निस्तरायला निघालेला माणूस दुसरं पिशवीत घालून परत येत होता.

कर्जतला उतरून दहिवलीसाठी रिक्षा केली. रिक्षावाला माझ्याच वयाचा, बोलका. आरशातून माझ्याकडे सारखा बघत होता. म्हणाला, "साहेब, तुमी खोपोलीला त्या हॉलमधी भाषण करत होता ना? मागल्या साली?"

मी हो म्हटलं. या माणसाला माझी साक्ष आवडली असावी, असंच माझ्या मनात आलं. एवढं सगळं होऊनही.

"तुमचा भाऊ माझ्याच रिक्षात आलता. म्हणला, दादा फोन उचलत नाय, आई सारखी त्याचंच नाव घेते, चल लवकर. मी पळवली गाडी. तो हॉलच्या दारात गेला नि तितक्यात त्याला फोन आला. मी मागंच होतो, मी बी आत डोकावलो. तुमी माईकवर होता." त्याने एका गाईला वाट दिली. "मी त्याला म्हटलं, अरं हाक मार की भावाला. तर म्हणला, नको. आई गेली. आता घाई नाय. दादाचं बोलणं पुरं होऊ दे."

मी पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली.

"लय रडला हो परत येताना. मी पुष्कळांना म्हणतो, भाऊ असावा तर असा. बरा हाय ना तो?"

"बरा आहे," मी म्हणालो. "मला इथेच सोडा."

उल्हास नदीच्या पुलावर मी उतरलो. रिक्षा गेली. त्या माणसाला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही स्टँडवर शोधला तर दिसला नाही. कर्जतला रिक्षा पुष्कळ आहेत, त्यात नवल नाही. मी एवढंच सांगतो की देवाला 'सोडून दे' म्हणून मी निघालो होतो आणि घरी पोचायच्या आत हे माझ्यासमोर ठेवलं गेलं.

पुलावर मला दिलासा मिळाला असं कुणाला वाटेल. नाही मिळाला. तोवर निदान एक आधार होता, की चूक माझी, पण थोडी त्याचीही. तो आधार गेला. सगळं माझं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो मलाच आणायला धावला होता, आणि त्याच धावण्याबद्दल मी त्याला कबरीपाशी शिक्षा दिली. एक वाक्य बोलला असता तर तो सुटला असता. बोलला नाही. माझं ओझं त्याने उचललं, निमूट डोंगरावर नेलं, आणि मी इकडे मोकळ्या खांद्यांनी तबक फिरवत होतो. चर्चमध्ये लहानपणापासून ऐकत आलो आहे की आपल्यासाठी दुसऱ्याने सोसलं. कितीदा मी स्वतः ते लोकांना समजावून सांगितलं आहे. त्या पुलावर, हातात चिक्कीची पिशवी, मला ते पहिल्यांदा समजलं, आणि समजल्यावर आनंद झाला नाही.

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. फोनचं, पुसलेल्या कॉलचं, रिक्षावाल्याचं. ती ऐकत राहिली. शेवटी पिशवीतलं पाकीट काढून म्हणाली, "ही नेरळची आहे. माथेरानच्या पाकिटावर घोडा असतो." मग आत गेली, आणि मोरीत बराच वेळ पाणी वाहत असल्याचा आवाज येत राहिला.

सकाळी, रविवार असून चर्च चुकवून, परत निघालो. या वेळी टॅक्सीतून उतरलो नाही. दस्तुरी नाक्यापासून पुढे गाड्या जात नाहीत, चालावंच लागतं. घोडेवाले मागे लागले, "काका, बसा, चालवणार नाय तुमाला." खरंच चालवत नव्हतं, पण घोड्यावर बसून क्षमा मागायला जाणं बरं दिसलं नसतं. हॉटेलाच्या मागच्या दारी पोचलो तेव्हा बूट माथेरानच्या लाल मातीने माखले होते. दान्या कांद्याचा ढीग घेऊन बसला होता. बारीक झाला होता. माझ्याकडे बघून त्याने सुरी खाली ठेवली.

"बूट काढून ये. लादी आत्ताच पुसलीय."

मी वाकलो. चढाने दम लागला होता, डोळे भरले होते, नाडीची गाठ सुटेना. क्षणभर बघून तो उठला, ओलं फडकं घेऊन आला, आणि मी नको नको म्हणेपर्यंत माझ्यापुढे खाली बसून माझे बूट पुसू लागला. ती माती त्याने पुसली. मी त्याच्या डोक्यावर वाकून उभा होतो, आणि तिथेच मी सगळं सांगून टाकलं. पाठ केलेलं एकही वाक्य आलं नाही.

तो म्हणाला, "हळू बोल. शेठला वाटेल कांदा जास्तच तिखट हाय."

"तू बोलला का नाहीस मला?"

"बोलून काय? आई परत आली असती का? तुला मात्र जन्मभर पुरलं असतं. मला काय, बेवडा म्हणतच होते सगळे. त्यात एक भर." तो फडकं पिळत राहिला. "राग नव्हता असं नाय. लय होता. अजून हाय थोडा."

"आई काय म्हणाली शेवटी?"

त्याने फडकं दोरीवर टाकलं. "मोठा येतो का, विचारत होती. मी म्हटलं, निघालाय, येतोच हाय. खोटं बोललो मी तिच्याशी, दादा. ते माझं पाप."

चहा झाला. मी म्हटलं, पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे, येशील? तो म्हणाला, "बघू. सीझन हाय." मिठी वगैरे काही झालं नाही. कांदे बरेच उरले होते, मी त्यातले थोडे चिरले. वाईट चिरले, त्याने ते परत चिरले.

पुढचा रविवार. रस बायकोने केला आणि आगळाची बाटली खबरदारी म्हणून शेजारच्या वहिनींकडे नेऊन ठेवली. पाळकसाहेबांना मी आदल्या दिवशी उरलेलं सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडून तबक काढून घेतलं आणि स्वतः फिरवलं. मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसलो. दान्या आला नव्हता. मला वाटलं, येणार नाही, आणि त्याने यावंच असं माझ्याकडे होतं तरी काय?

दुसरं गीत चालू असताना मागचं दार वाजलं. तो आला आणि शेवटच्या बाकावर बसला. प्याला घेण्यासाठी त्याने हात पुढे केला तेव्हा मी मान वळवून पाहिलं. त्याच्या नखांत माती होती. कबरस्तानावरून आला होता तो. एकटाच जाऊन आईला आपली मूठ देऊन आला होता.

माझ्यासमोर तबक आलं. मी हात पुढे केला तेव्हा त्यात द्यायला काही नव्हतं. झाडलेलं चर्च नव्हतं, घातलेल्या सतरंज्या नव्हत्या. पाळकसाहेबांचं 'हक्काचा नाही' हे बोलणं तेव्हा उमगलं. आई माझी वाट बघत गेली, हे कुठल्याही प्याल्याने बदलणार नाही. ते दुःख माझ्याजवळ आहे आणि राहील. पण त्या दुःखासकट प्याला घ्यायला बोलावणारा कुणी आहे, हे मला माझ्या धाकट्या भावाच्या गप्प राहण्यातून कळलं, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. क्षमेच्या ओळीला माझा आवाज निघाला. चांगला निघाला नाही, पण निघाला.

दुपारी जेवून दान्या परत वर गेला. बायको भांडी आवरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं बाई उलटंच. आगळ प्यायला तेव्हा सगळ्यांची तोंडं वाकडी, तुम्ही एकटे शांत. आज एवढा गोड रस केला, तर तुमचं एकट्याचं तोंड वाकडं."